कावळा बिस्किटाला शिवला

"इथले कावळे गेले कुठे सगळे?" श्रीरंगनं विचारलं.

गुरुजींनी नदीपलीकडे बोट दाखवलं. "ते काय. बसलेत."

पलीकडच्या काठावरच्या बाभळींवर कावळे होते. भरपूर होते आणि आमच्याकडेच बघत होते. पण घरून जेवून आलेल्या पाहुण्यांसारखे. आग्रह केला तर मान हलवतील, पानावर बसणार नाहीत.

माहुलीच्या घाटावर अण्णा मोघ्यांचा दहावा चालला होता. अण्णा माझे शेजारी. त्यांच्या दिवाणखान्याची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एक होती, त्यामुळे आमच्यात फारसं काही लपून राहत नसे. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूमिती शिकवली. रिटायर झाल्यावर शिकवायला कोणी उरलं नाही, म्हणून माझ्याशी बुद्धिबळ खेळायचे.

घाटावर आम्ही मोजकेच होतो. आगाशे गुरुजी, अण्णांचे धाकटे भाऊ मधूकाका, मी, आणि ग्लासगोहून आलेला अण्णांचा एकुलता एक मुलगा श्रीरंग. जानेवारीतली सकाळ. मधूकाका माकडटोपीत होते, तर श्रीरंग नुसता पंचा नेसून उघडा उभा होता आणि त्याला काटासुद्धा आला नव्हता. "तिकडच्या थंडीपुढे हे काहीच नाही," मधूकाका मला कौतुकानं म्हणाले. वडिलांना अग्नी मधूकाकांनी दिला होता. श्रीरंग नंतर पोचला होता, कारण विमानं वेळेवर मिळत नाहीत. पण थंडी वाजत नव्हती, हे खरं.

वर पायऱ्यांवर अण्णांच्या पत्नी कुमुदवहिनी बसल्या होत्या. मांडीवर श्रीरंगचं जाड जाकीट होतं. बायका दहाव्याला घाटावर येत नाहीत, असं मधूकाकांनी आदल्या दिवशी त्यांना सांगून पाहिलं होतं. "बरं," वहिनी म्हणाल्या होत्या, "मग रिक्षा किती वाजता बोलावू?"

पिंड मांडून झाले होते. आता कावळा शिवायचा बाकी होता आणि तो शिवत नव्हता.

"काहीतरी इच्छा राहिलीय," मधूकाका म्हणाले.

"असं वाटतं खरं," गुरुजी म्हणाले. त्यांना नंतर वाढे गावी एक वास्तुशांत होती. "ज्याला जे आठवतंय त्यानं ते बोलावं. मोठ्यानं बोला, म्हणजे पोचेल."

मधूकाका पुढे झाले. "अण्णा, तुझी सगळी पुस्तकं नगर वाचनालयाला देऊ."

बाभळीवर काही हाललं नाही. वाचनालयाची स्थिती अण्णांना माहीत होती.

"अण्णा, काशीला जायचं राहिलं ना? तुझ्या नावानं काशीला जाऊन येऊ."

"कोण जाणार?" गुरुजींनी विचारलं.

"बघू," मधूकाका म्हणाले.

कावळ्यांनीही बघू असाच चेहरा केला. मग मी पुढे झालो. "अण्णा, त्या दिवशी वजीर हात लागून पडला असं मी म्हणालो, तो डाव तुझा. मान्य."

एका कावळ्यानं मान तिरपी केली. अण्णा असते तर त्यांनीही एवढंच केलं असतं.

आता सगळ्यांनी श्रीरंगकडे पाहिलं.

"तू बोल बाबा," मधूकाका म्हणाले.

"काय बोलू, काका?"

"काय बोलायचं ते तुला माहीत आहे."

त्याला माहीत होतं, आम्हालाही होतं. दवाखान्यात अण्णांनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, "देवधर, हिला एकटी टाकू नकोस म्हणावं त्याला. तिकडे ने, नाहीतर तू इकडे ये. पण टाकू नकोस." मी म्हणालो होतो, "तूच सांग की फोनवर." तर अण्णा म्हणाले, "मला नाही जमायचं." श्रीरंग आल्या दिवशी मी तो निरोप शब्दाला शब्द पोचवला. त्यानं तो नीट ऐकून घेतला. "थँक यू, काका," म्हणाला. मुलगा वळणाचा होता.

आणि आदल्या संध्याकाळी त्यानं पुण्याजवळची एक जागा आम्हाला लॅपटॉपवर दाखवली होती. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, ज्येष्ठ निवास म्हणायचं. बाग होती, डॉक्टर होता, भजनाला हॉल होता. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि पडद्याकडे बघत विचारलं, "यात माणसं कुठायत?" फोटोंत खरंच कोणी नव्हतं. "आई, सकाळी काढलेत फोटो," श्रीरंग म्हणाला. वहिनी चहाचे कप गोळा करून आत गेल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

"म्हण नुसतं," मधूकाका घाटावर म्हणत होते. "आईला मी सांभाळीन, एवढंच म्हण. तीन शब्द आहेत."

"काका, माझा या गोष्टींवर विश्वास नाही."

"मग तर सोपंच आहे. विश्वास नाही तर म्हणून टाक."

"तसं कसं? खोटं कसं बोलायचं?"

"इथं कोण आहे ऐकायला?"

श्रीरंगची नजर एकदा पायऱ्यांकडे गेली आणि तिथून थेट बाभळीवर गेली. कावळ्यावर विश्वास नसलेला हा मनुष्य कावळ्यासमोर खोटं बोलायला तयार नव्हता. मी पुष्कळ वर्षं एका साप्ताहिकात विनोदी सदर चालवलं. इतका सरळ मनुष्य मला त्यात कधी घालता आला नसता. लोकांना खोटा वाटला असता.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करून शिववता येतो. मी करतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"करा ना मग," श्रीरंग म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "सोय आहे तर करूया."

"नाही."

आवाज पायऱ्यांवरून आला. वहिनी बसल्या जागेवरून उठल्या नव्हत्या. "गवताचा नको. खरा शिवू दे. मी थांबते."

"आई, किती वेळ थांबणार?"

"मला कुठे जायचंय?"

गुरुजींनी दर्भ खाली ठेवला. पाण्यात कोणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज येत होता. वहिनी जाकिटावर हात ठेवून मुलाकडे बघत होत्या. एवढ्या सगळ्यांत कावळ्याकडे न बघणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

मग श्रीरंग वळला आणि पायऱ्या चढू लागला. मधूकाकांनी माझा हात दाबला. मलाही वाटलं, हा आता आईजवळ जाणार आणि जे बोलायचं ते कावळ्याला न सांगता तिलाच सांगणार. वहिनींनाही तसंच वाटलं असणार; कारण त्यांनी पदर नीट केला आणि त्याला बसायला जागा व्हावी म्हणून जरा सरकल्या.

श्रीरंग वाकला, त्यांच्या मांडीवरच्या जाकिटाच्या खिशात हात घातला आणि एक बिस्कीट काढलं.

या बिस्किटाबद्दल थोडं सांगायला हवं. श्रीरंग शिकायला ग्लासगोला गेला आणि राहिला. तो स्वतः क्वचित यायचा, पण तिकडून साताऱ्या-पुण्याकडचं कोणी येणार असलं की त्याच्याबरोबर या बिस्किटांचा खोका हमखास यायचा. लाल-सोनेरी पट्ट्यांचा चकचकीत कागद. आत पातळ वेफरचे थर, थरांच्या मध्ये कॅरॅमल आणि सगळ्यावर चॉकलेटचा हात फिरवलेला. ग्लासगोजवळच्या एका गावात एकच घराणं पिढ्यान् पिढ्या ते करतंय म्हणे. साहेबाचं राज्य गेलं, पण त्या बिस्किटाचा कागद बदलला नाही. "तिथली माणसं ऑस्ट्रेलियाला जाऊन राहिली तरी हे मागवून घेतात," अण्णांनी मला सांगितलं होतं. "घरची आठवण म्हणून."

"कोणाच्या घरची?" मी विचारलं होतं.

"त्यांच्या घरची. ती आपल्या घरी येते." एवढं बोलून अण्णांनी अडकित्ता काढला होता.

हे बिस्कीट अण्णा अडकित्त्यानं कापत. सुरीनं चुरा होतो, असं त्यांचं म्हणणं. भूमितीचे मास्तर, तिन्ही तुकडे असे पडत की मोजून घ्यावेत. कागद अंगठ्याच्या नखानं सुरकुती जाईपर्यंत सपाट करत, आणि भाद्रपदात त्याच कागदांची महिरप गणपतीच्या मागे लागे. बाप्पा त्यापुढे स्कॉटलंडच्या एखाद्या सरदारासारखे दिसत. मग अण्णा एक तुकडा मला देत, एक वहिनींना, एक स्वतः तोंडात टाकत.

चॉकलेट लगेच विरघळे. वेफर थोडा वेळ कुरकुरे. खरा मुक्काम कॅरॅमलचा. पक्क्या पाकासारखं ते दाताला धरे आणि अण्णांच्या कवळीचं तर पाणीच पळवी. वरची कवळी खालच्या कवळीला चिकटली की अण्णा एक बोट वर करून आपल्याला थांबायची खूण करत आणि रवंथ करत बसत. संबंध बातम्या होऊन जात, हवामान होऊन जाई. "अण्णा, श्रीरंग काय म्हणतो? यंदा येतोय का?" असं कोणी विचारायला आणि अण्णांनी अडकित्ता उचलायला गाठ पडायची. मला वाटे, काय या माणसाला गोडाची हौस. आणि काय त्या बिस्किटाची जादू, की सत्तरी उलटलेला मनुष्य त्याच्यापुढे दुसरं काही बोलत नाही.

तर ते बिस्कीट हातात घेऊन श्रीरंग पायऱ्या उतरला.

"हे कुठून आणलंस?" मी विचारलं.

"फोन आला त्या दिवशी घेतलं. निघताना." तो कागद सोडवत होता, आणि त्याला तो सुटत नव्हता. "सवयीनं घेतलं, काका. दुकानाबाहेर आल्यावर कळलं, की आता कोणासाठी."

त्याचा आवाज कापला. तो काही दगड नव्हता. दगडाची माणसं कथेला सोपी जातात.

"पिंडावर बिस्कीट चालतं का हो?" मधूकाकांनी गुरुजींना विचारलं.

"मयताला प्रिय असेल ते ठेवावं," गुरुजी म्हणाले. "त्यात अंडं आहे का?"

श्रीरंगनं कागदावरची बारीक अक्षरं वाचली. "नाही."

"मग ठेवा."

त्यानं बिस्कीट पिंडाशेजारी पानावर ठेवलं. चॉकलेटवर ऊन पडलं. आम्ही चार पावलं मागे सरकलो नाही तोच बाभळीवरून एक कावळा निघाला. तो आला, उतरला, पिंडांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. बिस्कीट चोचीत आडवं धरलं आणि वरच्या पिंपळावर जाऊन बसला.

"शिवला," मधूकाका म्हणाले.

"पिंडाला कुठे शिवला?" मी म्हणालो. "बिस्किटाला शिवला."

आम्ही गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी वाढ्याच्या दिशेला पाहिलं. "पान एकच आहे," ते म्हणाले. "पानाला शिवला म्हणजे शिवला."

मधूकाकांनी माकडटोपी काढून हात जोडले. "अण्णाचा जीव बिस्किटात अडकला होता बघा. आणि आपण काशीला निघालो होतो."

श्रीरंग रडत होता, हसतही होता. "त्यांना आवडायचंच ते," तो म्हणाला. "मला माहीत होतं." आता त्याला ते तीन शब्द कोणी विचारणार नव्हतं. कावळ्याची काही तक्रार नव्हती. मग माणसांनी कशाला बोलायचं.

पिंपळावर त्या कावळ्याची निराळीच गंमत चालली होती. कॅरॅमल त्याच्या चोचीला धरलं होतं. तो फांदीला चोच घासत होता, मान झटकत होता, ओरडायला जात होता आणि त्याला ओरडता येत नव्हतं. मी वहिनींकडे पाहिलं. आता त्या कावळ्याकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्या उठल्या, जाकीट झटकलं आणि खाली येऊन मुलाच्या खांद्यावर टाकलं.

"घाल. वारं सुटलंय," म्हणाल्या.

परतताना श्रीरंग आणि मधूकाका गुरुजींना सोडायला गाडीतून गेले. वहिनी आणि मी रिक्षात होतो. रिक्षानं पूल ओलांडला.

"भाऊजी," मग म्हणाल्या, "ह्यांना गोड आवडायचं का हो?"

"म्हणजे काय, वहिनी? बिस्किटं..."

"बिस्किटं सोडा. जिलबीला हात लावलेला पाहिलात कधी? श्रीखंडाला?"

मी आठवून पाहिलं. माझ्या मुलीच्या लग्नात अण्णांनी पानातली जिलबी हळूच माझ्या पानात सरकवली होती. पुरणपोळीच्या दिवशी ते कटाच्या आमटीवर भात खात.

"मग ते बिस्कीट?"

"रविवारी फोन यायचा ना श्रीरंगचा. तो यायच्या आधी एक तुकडा तोंडात टाकून बसायचे. मी म्हणायचे, अहो, आता कशाला, बोलता नाही यायचं. तर म्हणायचे, म्हणूनच."

रिक्षा खड्ड्यातून गेली. वहिनींनी दांडी धरली.

"एकदा मी खोदून विचारलं. म्हणाले, तोंड मोकळं असलं की 'ये' म्हटलं जाईल माझ्याकडून. तो येणार नाही. मग पुढच्या रविवारी दोघांनी काय बोलायचं?"

"तो काय बोलायचा?"

"तो सांगायचा तिकडची हवा. हे हुं हुं करायचे. शेवटी तो विचारायचा, बिस्किटं संपली का? ह्यांचा तेवढा एक हुंकार मोठा असायचा."

रिक्षा राजवाड्यापाशी वळली. मला काहीतरी बोलायला हवं होतं.

"पण कावळ्यानं उचललं खरं," मी म्हणालो.

"कावळ्याचं काय," वहिनी म्हणाल्या, "त्याला खरंच आवडलं असेल."

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीरंग निघाला. टॅक्सी खाली उभी होती. वहिनींना निवासात पोचवायचं मधूकाकांनी अंगावर घेतलं होतं; ते बॅग घेऊन खाली गेले. मी दारात होतो. टेबलावर उरलेल्या बिस्किटांचा खोका होता. भिंतीवर अण्णांचा फोटो, हार ताजा.

श्रीरंगनं फोटोला नमस्कार केला, वहिनींच्या पाया पडला आणि उठताना त्यांचे दोन्ही हात धरले.

"आई, तू काहीच बोलली नाहीस."

"काय बोलायचं?"

"तुला तिथं जायचंय की नाही. मी आल्यापासून विचारतोय, तू चहा करतेस." त्यानं हात आणखी घट्ट धरले. "तुझ्या मनात दुसरं काही असेल तर आत्ता सांग. मी तिकीट पुढे ढकलतो. तिकडे घरी मी बोलेन. काहीतरी करीन मी. खरंच सांग."

तो मनापासून विचारत होता, हे मी कोणत्याही कोर्टात सांगायला तयार आहे. त्या खोलीत त्या वेळी वहिनी जे बोलल्या असत्या ते झालं असतं. निदान सुरू तरी झालं असतं.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. एक हात सोडवून, लहान मुलाचा ताप बघतात तसा त्याचा मागचा भाग त्याच्या गालाला लावला. मी दारातून एक पाऊल मागे झालो. त्यांचे ओठ उघडले.

खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. श्रीरंगनं मनगटाकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही म्हणून मान ताठ ठेवली, तेवढंच.

वहिनींनी त्याच्या हातातून दुसराही हात सोडवून घेतला, खोक्यातलं एक बिस्कीट उचललं आणि कागद सोलला. अडकित्ता शेजारीच होता. तो घेतला नाही. अख्खं बिस्कीट मोडून दोन घासांत तोंडात भरलं. मग एक बोट वर केलं. थांब.

श्रीरंग थांबला. वहिनी चावत होत्या, गाल फुगले होते. तो आधी गोंधळला, मग हसला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "अगदी अण्णांसारखं करतेस," म्हणाला. आणखी थोडा वेळ थांबला.

"म्हणजे चालेल ना तुला तिथं?"

वहिनींनी मान हलवली. हो.

"नक्की?"

पुन्हा हलवली.

त्यानं त्यांना मिठी मारली, मला वाकून नमस्कार केला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. वहिनी गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. टॅक्सी वळेपर्यंत हात हलवत होत्या आणि चावत होत्या.

मग मोरीत गेल्या. चूळ भरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा पदरानं तोंड पुसत होत्या.

"कसलं चिकट आहे हो मेलं," म्हणाल्या.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. श्रीरंग मला अजून फोन करतो; सणावारी न चुकता करतो. मुलगा वळणाचा आहे, हे मी आधीच सांगितलं. परवा म्हणाला, "काका, गंमत माहितीय? आईलाही तीच आवड लागलीय. निवासातल्या बाई सांगत होत्या, एरवी गोड म्हणून खात नाही. पण रविवारी माझ्या फोनची वेळ झाली की आठवणीनं एक मागून घेते. काय असतं हो त्या बिस्किटात?"

"पाठवत जा," मी म्हणालो.